ठरलेले दिवस संपल्यावर

लोहारा, १४ नोव्हेंबर

डॉक्टर योगीराज यांस, लोहाऱ्याहून श्रीदेवीचा नमस्कार.

'चि. योगी' लिहायला हात वळला नाही. सख्ख्या मोठ्या बहिणीनं धाकट्या भावाला 'यांस' लिहावं, ही पाळी तू आणलीस. फोनवर माझा आवाज चढतो, तू "अक्का, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून पत्र. हे मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येईल, पण तेवढं धाडस तुझ्यात नाही.

आज बालदिन. शाळेत लाडू वाटले. कृष्णराजचा लाडू त्याच्या वर्गाच्या मिनाज मॅडमनी घरी पाठवला, कारण माझा मुलगा शाळेत नाही. चौथीच्या हजेरीत त्याचं नाव आहे, पोरगं मात्र घरी, आजीच्या बाजेवर बसलेलं. मुख्याध्यापक आण्णासाहेब सरांनी मला सोमवारी बोलावून घेतलं. चहा पाजला. मग म्हणाले, "ताई, परीक्षेला आना. पास करायची जबाबदारी माजी. पर रोज आनू नका."

मी विचारलं, का आणू नको?

तर म्हणाले, "आवो, तुमच्या डॉक्टर भावानंच माईकवर सांगितलं न्हवं का. असल्या डोस्क्याला शिकता येत न्हाय म्हून. त्यांनी मशीन लावून बघितलंय. आपुन साधी मानसं, आपुन काय त्यांच्या म्होरं बोलावं?"

ते चिडून बोलले असते तर मी भांडले असते. ते तुझ्याबद्दलच्या अभिमानानं बोलत होते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली तुझा फेट्यातला फोटो आहे.

तू विसरला असशील म्हणून आठवण करून देते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गावानं तुझा सत्कार केला. शाळेच्या मैदानात, लिंबाखालच्या जुन्या कट्ट्यावर. 'भूमिपुत्र' लिहिलेला बॅनर माझ्याच झेरॉक्सच्या दुकानातून गेला, आणि मी तो तीनदा वाचला, तुझ्या पदवीत चूक नको म्हणून. नारळाचं ताट कृष्णराजनं आणायचं ठरलं. ऑटिझम असलेल्या नऊ वर्षांच्या पोराला चारशे माणसांतून चालवत नेणं म्हणजे काय, हे तुला पुस्तकातून माहीत आहे. मला दसऱ्यापासूनच्या सरावातून माहीत आहे. घरात खुर्ची मांडून, खुर्चीत कुणाला तरी बसवून, देवापुढचा नारळ ताटात घेऊन. तो आला. कट्ट्याच्या पायऱ्या चढला, तुझ्या खुर्चीसमोर उभा राहिला, ताट पुढं केलं आणि म्हणाला, "घ्या." त्याच्या तोंडून लोकांसमोर निघालेला तो पहिला शब्द. मी पदर तोंडाला लावून उभी होते.

आणि मग तू माईक घेतलास. पडद्यावर उंदीर दाखवलास, डोक्यावर वायरींची टोपी घातलेला. समोर दोन दारं, एका दाराआड गोड दूध. साधा उंदीर शिकतो, म्हणालास. आणि हा दुसरा, ज्याच्यात ऑटिझमच्या काही माणसांमध्ये सापडतो तसा बदल आम्ही केला आहे, हा शिकत नाही. त्याच्या मेंदूतली लाटच उठत नाही. मग माझ्या मुलाकडं हात केलास. "माझ्या ह्या भाच्यामुळं मी या संशोधनाकडं वळलो."

खोटं बोललास. तू उंदीर पाळायला लागलास तेव्हा माझं लग्नसुद्धा व्हायचं होतं. लोकांना डोळे पुसायला काहीतरी हवं होतं, ते तू दिलंस. टाळ्या तुला मिळाल्या आणि शाळा माझ्या पोराची सुटली.

मला काही जास्त नको. त्याच मैदानात, त्याच लोकांसमोर ये आणि सांग, की मी बोललो ते बरोबर नव्हतं.

श्रीदेवी


लोहारा, २७ नोव्हेंबर

योगीराज यास,

तुझं पाकीट आलं. आत संस्थेच्या कागदावर, सही-शिक्क्यासकट, आण्णासाहेब सरांच्या नावानं इंग्रजी पत्र. 'प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एखाद्या विशिष्ट मुलाला थेट लागू करता येत नाहीत.' मला वाचता आलं, उमरग्याला माझीही बी.एस्सी. झाली आहे, हे तुझ्या ध्यानात असेल. पण मी ते सरांना दिलेलं नाही आणि देणारही नाही. चुकीची गोष्ट मराठीत, माईकवर, फेटा बांधून सांगायची आणि दुरुस्ती इंग्रजीत, पाकिटातून पाठवायची, हा कुठला न्याय? तहसीलसमोर दुकान टाकून मला दहा वर्षं झाली. असली पत्रं फाइलला लागतात आणि तिथंच म्हातारी होतात.

चिठ्ठीत तू लिहिलंस, "अक्का, मी कृष्णाबद्दल बोललोच नव्हतो, उंदरांबद्दल बोललो होतो." मग त्याच्याकडं हात कशाला केलास?

आता शाळेत काय झालं ते नीट ऐक, कारण सरांनी तुला फोनवर त्यांच्या बाजूनं सांगितलंच असेल. दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीचा वर्ग मैदानापलीकडच्या नव्या खोलीत गेला. जुन्या खोलीत आता पोषण आहाराच्या तांदळाची पोती असतात. कृष्णराजला हे कुणी सांगितलं नाही. म्हणजे सगळ्यांना एकदाच सांगितलं आणि त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही. तो रोज जुन्या खोलीत जायचा, पोत्यांसमोर आपल्या जागेवर मांडी घालून बसायचा आणि पाटी काढायचा. पोरं खिडकीतून हसायची. शिपायानं दोनदा उचलून आणला, दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा सरांनी स्वतः हाताला धरून ओढला, तेव्हा तो त्यांना चावला.

चावला हे खरं आहे. सरांच्या मनगटावर दात उमटले होते. मी जाऊन माफी मागितली आणि ती मनापासून मागितली, कारण दुखलं त्यांनाच. पण तो शिकत नाही असं म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. तीन वर्षांत तो त्या खोलीत जायला शिकला, बसायला शिकला, पाटी काढायला शिकला. शिकला म्हणूनच तर जात होता. खोली तुम्ही बदलायची आणि मठ्ठ त्याला म्हणायचं.

आणि हे तुला माहीत होतं. भाऊबीजेला मी ओवाळत होते, तेव्हा पाटावर बसून तू मला तुझा प्रयोग सगळा सांगितलास. दूध आधी डाव्या दाराआड असतं. ते दोन्ही उंदीर शिकतात, तुझा तो बदललेला उंदीरसुद्धा शिकतो. मग तुम्ही दूध गुपचूप उजवीकडं नेता. साधा उंदीर दोन-चारदा फसतो आणि दार बदलतो. दुसरा डावीकडंच जात राहतो. पाटावर पूर्ण सांगितलंस, माईकवर अर्धं सांगितलंस. "लोकांना एवढं किचकट कळत नाही" असं तुझं मत असणार. योगी, तुझ्या सत्काराला बसलेली निम्मी माणसं दर हंगामाला बियाणं बदलून, कुठलं उगवलं आणि कुठलं नाही ते बघणारी आहेत. त्यांना कळलं असतं.

मला एक सांग. तो दुसरा उंदीर डावीकडंच जात राहतो म्हणालास. कुठवर? मरेपर्यंत? पुढं काय होतं, हे मला कळलं पाहिजे.

इथं बाकी ठीक. तुझे भाऊजी बरे आहेत.

अक्का


लोहारा, ९ डिसेंबर

योगी,

तुझं पत्र मराठीत आणि हातानं लिहिलेलं आलं, म्हणून मी 'योगी' लिहिलं. राग गेला असं समजू नकोस. पत्र वाचून तो वाढला आहे.

तू लिहिलंस, "अक्का, प्रामाणिकपणे सांगतो, पुढं काय होतं ते आम्ही बघत नाही. दूध उजवीकडं नेल्यावर किती दिवस मोजायचं हे आधीच ठरलेलं असतं. तेवढ्यात शिकला नाही, तर 'शिकला नाही' अशी नोंद होते आणि प्रयोग थांबतो." मी हे दुकानात बसून वाचलं. समोर उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला माणसं उभी होती आणि मी मशीन बंद करून बसले.

तुझी कारणंही मी वाचली. सगळ्या उंदरांना सारखे दिवस दिले नाहीत तर तुलना होत नाही. डोक्यावरची टोपी सैल होते, मग लाटांची मोजणी बिघडते. पटलं. प्रयोग करणाऱ्याला कुठंतरी थांबावं लागतं, एवढं विज्ञान मीही शिकले आहे. पण थांबलात तुम्ही. मग 'आम्ही थांबलो' म्हणा ना. 'तो शिकत नाही' का म्हणता? या दोन वाक्यांमध्ये माझ्या पोराचं आख्खं आयुष्य आहे.

सासूबाईंना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "उंदराला दूध पाजवतेत? आन् तेबी गोड? आमच्या कणगीतलं न्ये म्हनावं, हितं ज्वारी खाऊन माजलेत." मग जरा वेळानं कृष्णराजच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "त्येच्या डोस्क्याला टोपी घालत्यात व्हय ग? दुखत आसंल की बिचाऱ्याला." तुझ्या उंदराची कीव आमच्या घरात फक्त माझ्या सासूला, गंगम्माला आली, हे तुझ्या संस्थेला कळव.

आता एक गोष्ट, जी तुला सांगणार नव्हते. मागच्या पत्रात भाऊजी बरे आहेत असं लिहिलं. आम्ही दोघं दिवाळीपासून कामापुरतं बोलतो. सोलापूरच्या पलीकडं मुक्कामाची एक शाळा आहे, अशा मुलांची. ते उमरग्याच्या टायरच्या दुकानातून सुट्टी काढून एकटेच बघून आले. एक फेब्रुवारीला कृष्णराजला तिथं सोडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. मी भांडले, ताट आपटलं, नको ते बोलले. त्यांनी ताट उचलून जागेवर ठेवलं. मग म्हणाले, "मला काय हौस हाय का? दिवसभर दार लावून ठिवायचं लेकराला, जनावरावानी? तितं निदान कोनी शिकवंल तरी. हितली शाळा घेत असंल तर म्या कशाला धाडू?"

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडण तरी नीट झालं असतं. रात्री कृष्णराज त्यांच्याच पोटावर डोकं ठेवून झोपतो. तिथं कुणाच्या पोटावर झोपणार, हे त्या शाळेच्या माहितीपत्रकात नाही.

तेव्हा माझी मागणी आता हट्ट राहिलेली नाही. इथल्या शाळेनं त्याला घेतलं तर तो घरी राहतो, नाही तर जातो. आणि शाळा ज्याच्या बोलण्यावर अडून बसली आहे तो माणूस तू आहेस. येळवसच्या अमावस्येला शेतात सगळे जमतात, तेव्हा ये.

अक्का


लोहारा, २१ डिसेंबर

योगी,

येळवसला आला नाहीस. "डेटा सोडून निघता येत नाही" असा मेसेज आला. नुसता मेसेज.

शेतात नेहमीसारखी कडब्याची खोप केली, पांडव पुजले, भज्जी, आंबील, सगळं केलं. माकणीकडची सगळी पाहुणे मंडळी आली होती. प्रत्येकानं विचारलं, डॉक्टर आले नाहीत? आणि प्रत्येकाला तुझं दिवाळीतलं ते माईकवरचं वाक्य पाठ होतं. आपल्या चुलतीनं कृष्णराजच्या पानात भज्जीचा आणखी एक पळा वाढला आणि मला म्हणाली, "खाऊ दी ग बाई, खायाला तरी काय शिकावं लागतंय." तिनं मायेनं म्हटलं, आणि ती माया माझ्या घशाखाली उतरली नाही. दिवाळीपर्यंत तो 'जरा अबोल' होता, 'देवमाणूस' होता, 'हट्टी' होता. आता तो 'शिकत न्हाय' आहे. तालुकाभर एका वाक्यात त्याची वाट लावली आणि ते वाक्य शास्त्राचं म्हणून त्याला कुणी उलटून बोलत नाही.

आता त्या 'शिकत न्हाय'चं ऐक. रोज संध्याकाळी कृष्णराज देवापुढचा नारळ ताटात घेतो. दिवाळीत तू ज्या लाकडी खुर्चीत बसला होतास ती खुर्ची ओढून ओसरीत आणतो. आणि मग कुणीतरी त्या खुर्चीत बसायची वाट बघतो. कुणी बसलं की समोर येतो, "घ्या" म्हणतो. उभ्या माणसाला देत नाही. एकदा सासूबाई बाजेवरून हात पुढं करून म्हणाल्या, "दी हिकडं." दिला नाही. त्याच्या लेखी नारळ खुर्चीतल्या माणसाचा असतो. मी रोज बसते, रोज नारळ घेते, रोज देवापुढं परत ठेवते.

हे त्याला कुणी दूध देऊन शिकवलेलं नाही.

अक्का


लोहारा, ११ जानेवारी

योगी,

तुझं लांब पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मध्येच मिटवून ठेवलं होतं, ते का ते पुढं लिहिते.

ठरलेले दिवस संपल्यावरही तू ते उंदीर थांबवले नाहीस, रोज त्या दारांपुढं सोडत राहिलास, हे वाचून बरं वाटलं. वरिष्ठ नाराज झाले, "हे आपल्या प्रयोगात बसत नाही" म्हणाले, तरी तू केलंस. यासाठी येळवस चुकली असेल तर ती मी माफ केली. आणि तू लिहिलंस, काही उंदीर अचानक एके दिवशी उजवीकडं वळले आणि मग वळतच राहिले. चूक कळल्यावर मेंदूच्या पुढच्या भागात जी लाट उठायला हवी, ती त्यांच्यातही उठली, उशिरा आणि बारीक, पण उठली.

त्याच्या पुढची ओळ, "आणि काही शेवटपर्यंत वळले नाहीत." इथं मी पत्र मिटवलं होतं.

तू ही ओळ गाळली असतीस तर मला कळलं नसतं. गाळली नाहीस. माझा कृष्णराज कुठल्या काहींमध्ये आहे, हे तुला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. मला भीती वाटते. ती आजवर कुणाला सांगितली नाही, तुला सांगते. पण ज्याचं माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणावं, एवढंच तर मी दिवाळीपासून कंठशोष करून सांगते आहे.

सव्वीस जानेवारीला येतोस हे पक्कं समजते. आण्णासाहेब सरांना सांगितलं तर माणूस हरखून गेला. मैदानात गेटजवळ पत्र्याचं नवं स्टेज झालं आहे, त्याचं उद्घाटन तुझ्या हस्ते करायचं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. तू काय बोलणार आहेस हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तूच सांग. नारळाचं ताट कृष्णराजनंच आणायचं, ही माझी अट. सर जरा घुटमळले. "चावला बिवला तर?" म्हणाले. मग हो म्हणाले.

आता तुला जे सांगते ते नीट वाच. त्याला नवं स्टेज आधी दाखवून आणावं, चार दिवस सराव करावा, असं मी म्हटलं. सर म्हणाले, कार्यक्रमाच्या दिवशीच आना ताई, शाळा चालू आसताना नको. म्हणजे सराव नाही. म्हणजे त्याचं नाव पुकारलं की तो लिंबाखालच्या जुन्या कट्ट्याकडंच जाणार. तिथं कुणी नसेल. लोक हसतील, सर हातवारे करतील, मी जागची हलणार नाही. तूही हलू नकोस. खुर्चीत बसून राहा. कितीही वेळ लागला तरी. तो बघेल, खुर्ची शोधेल, येईल. कदाचित येणार नाही. पण तू थांब.

तुझ्या प्रयोगशाळेत तू थांबलास, तेवढंच इथं थांब. मला शब्द दे.

अक्का


लोहारा, २७ जानेवारी

योगी,

तू 'दिला शब्द' असा मेसेज पाठवला होतास. तो मी अजून पुसलेला नाही.

कालपासून गाव तुझ्यावर खूश आहे. आज दुकानात येणारा प्रत्येक माणूस मोबाइलवर तुझा फोटो दाखवतो आहे. लिंबाखाली तू गुडघ्यावर बसलेला, कृष्णराज तुझ्या मिठीत, त्याच्या हातात ताट. "मोठा मानूस हाय ताई तुमचा भाव, स्टेज सोडून भाच्याकडं पळत गेला." मी मान हलवते आणि त्यांची झेरॉक्स काढून देते. मला तो फोटो बघवत नाही.

नाव पुकारलं, तो कट्ट्याकडं गेला, जसं मी लिहिलं होतं तसंच. रिकाम्या कट्ट्यावर ताट धरून उभा राहिला. पोरं हसली. आण्णासाहेब सर माईकवरून "इकडं, बाळा, इकडं" म्हणायला लागले. पण तो रडला नाही, ओरडला नाही. कान झाकले नाहीत. तो बघत होता, योगी. मी त्याची आई आहे, त्याची मान मला लांबून कळते. तो कट्ट्यावरून खुर्ची शोधत होता. त्याची नजर मैदानावरून सरकत सरकत गेटकडं निघाली होती. आणि तेवढ्यात तू उठलास.

तुला वाईट वाटलं असेल. लोक हसतात हे सहन झालं नसेल. मला सहन होत होतं ते काय मी दगड आहे म्हणून? तू पळत आलास, त्याला कवटाळलंस, फोटो निघाले, टाळ्या पडल्या. त्यानं नारळ सोडला नाही, कारण तू खुर्चीत नव्हतास. तू तो ओढायला गेलास, त्यानं ताट पोटाशी धरलं, आणि तू हसून "राहू दे त्याच्याकडं" म्हणालास. पुन्हा ठरलेले दिवस संपले. पुन्हा तुम्हीच थांबवलंत.

मग स्टेजवर जाऊन बोललास ते चोख बोललास. त्यात मी खोड काढणार नाही. दिवाळीत मी अर्धं सांगितलं, म्हणालास. आमचे उंदीर उशिरा शिकतात, काही शिकत नाहीत, आणि कोण शिकणार हे आम्हाला आधी कळत नाही, म्हणालास. ह्या पोरामुळं संशोधनाकडं वळलो हे खोटं होतं, म्हणालास. कृष्णराज उंदीर नाही, म्हणालास. अशा मुलांना वेळ द्यायला हवा, असंही म्हणालास. हे शेवटचं ऐकून मला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. पाच मिनिटांपूर्वी तुला दोन मिनिटं देता आली नाहीत.

सर मात्र खरोखर हलले. खाली उतरून मला म्हणाले, "ताई, म्या डॉक्टरांचं आयकून चुकलो, आता डॉक्टरांचंच आयकून सुदारतो. उद्यापास्नं आना." तुला उमरग्याहून हैदराबादची गाडी गाठायची होती. चहासुद्धा न घेता जीपमध्ये बसलास. सगळे तुला पोचवायला गेटबाहेर गेले.

आता पुढचं, जे तू पाहिलं नाहीस.

मैदान रिकामं होत आलं होतं. मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. कृष्णराज कट्ट्यावरच होता, ताटासकट. मी त्याला हाक मारली नाही. तुझे भाऊजी त्याला न्यायला निघाले, मी त्यांचा हात धरला. लग्नाला अकरा वर्षं झाली, चारचौघांत मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. ते थांबले.

किती वेळ गेला मला माहीत नाही, मी घड्याळ बघितलं नाही. कृष्णराज कट्ट्याच्या पायऱ्या उतरला. दोन पावलं चालला, परत वर चढला, परत उतरला. मग मैदान ओलांडून सरळ गेटकडं निघाला. मंडपवाल्यानं स्टेजवरची तुझी खुर्ची उचलायला हात घातला, तर मिनाज मॅडम धावत गेल्या आणि म्हणाल्या, "भाईजान, येक खुर्ची ऱ्हाऊ द्या." कृष्णराज नव्या स्टेजच्या पायऱ्या चढला. तुझ्या खुर्चीसमोर उभा राहिला. ताट पुढं केलं.

"घ्या," म्हणाला.

खुर्ची रिकामी होती. तो ताट धरून उभा राहिला. भाऊजी वर गेले, खुर्चीत बसले, हात पुढं केला. त्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि ताट मागं घेतलं. घरात खुर्चीत बसेल त्या कुणालाही तो देतो, मला देतो. पण इथं ते खुर्चीत बसले तरी त्यानं दिलं नाही, कारण ती खुर्ची तुझी होती, तुझ्यासाठी पुकारलेली. भाऊजी उठले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. बराच वेळ दोघं रिकाम्या खुर्चीकडं बघत उभे होते. घराच्या दारात चप्पल काढता काढता भाऊजी म्हणाले, "सोलापूरला फोन करून सांगतो. येत न्हाय म्हून."

तुझ्या भाषणानं नाही योगी. ते भाषण चालू असताना ते मागं पाण्याच्या टाकीपाशी तोंड फिरवून उभे होते, मी पाहिलं.

आज सकाळी तो शाळेत गेला. आधी तांदळाच्या खोलीतच गेला. मिनाज मॅडम नव्या वर्गाच्या दारात त्याची बस्करपट्टी घेऊन उभ्या राहिल्या, त्यांनी त्याला बोलावलं नाही. दुपारी मी दुकानातून फोन केला तेव्हा तो अजून पोत्यांपाशीच होता. त्याला तिथं बसू दिलं आहे, आणि चौथीची दोन पोरं पाटी घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसली आहेत. उद्याचं उद्या.

मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे आणि बरेच दिवस राहीन. तू चांगला बोललास म्हणून सगळं मिटलं, असं तुला वाटू नये म्हणून हे लिहिते. तो शिकला. तुझी जीप गेल्यावर शिकला. जगात ही गोष्ट बघायला सगळ्यात जास्त पगार ज्याला मिळतो, तो माणूस तेव्हा उमरग्याच्या रस्त्यावर होता.

नारळ ताटातच आहे. सासूबाईंनी आज चटणीला मागितला, मी दिला नाही. संध्याकाळी त्यानं ताट उचललं, ओसरीत खुर्ची ओढली, मी बसले, तरी मला दिला नाही. तो आता दाराकडं बघतो.

घ्यायला ये. नव्या स्टेजवर, गेटजवळ. सरांना सांगून खुर्ची मी ठेवून घेते. लोक नकोत, माईक नको, फोटो नको. आणि या वेळी खुर्चीतून उठू नकोस.

तुझी अक्का